सर्व्हर घेत नाही

या ब्लॉगवर मी आजवर पुष्कळ रागावलो आहे. तुम्ही वाचक मोजकेच आहात—बहुतेक माझ्यासारखे निवृत्त, उतारवयात मोबाइल शिकलेले—आणि माझा राग तुम्हांला आवडतो, असे तुम्ही वेळोवेळी कळवता. पासवर्डचे नियम, ओटीपीची वाट पाहणे, ‘कुकीज स्वीकारा’ म्हणून दारातच आडवी येणारी पाटी—सगळ्यांवर लिहून झाले. एका गोष्टीवर लिहिले नाही. ती मी घरात बोललो नाही, सकाळी ज्या मित्राबरोबर फिरायला जातो त्याच्यापाशी बोललो नाही, आणि स्वतःशीही पूर्ण वाक्यात कधी उच्चारली नाही. आज उच्चारणार आहे. राग आजही आहेच—फक्त तो कुठल्या संकेतस्थळावर नाही.

पण सुरुवात कुठून करू?

मी माणूस आहे, यंत्र नाही, हे सिद्ध करण्यासाठी चित्रांतले सिग्नल निवडायला लावतात, त्यावर मी लिहिले होते. नेकनूरच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने सिग्नल पाहायचा कुठे, आणि परदेशातल्या रस्त्यांच्या कडेला ते लाल बुटके नळकांडे कशासाठी उभे असते, असे मी विचारले होते. तुम्ही हसलात. त्यानंतरचे टिपण ‘सर्व्हर डाऊन आहे’ या शब्दांवर होते. तहसीलमध्ये जा, बँकेत जा, सेवा केंद्रात जा—खिडकीमागचा माणूस मान वर न करता हे तीन शब्द म्हणतो आणि आपण परत फिरतो. मी लिहिले होते की पूर्वी कारकून ‘साहेब नाहीत’ असे म्हणत असे. तेही पुष्कळदा खोटेच असे, पण निदान साहेब नावाचा एक माणूस असे. सर्व्हरला तोंड नाही. त्याच्याशी भांडता येत नाही. म्हणूनच खोटे बोलणाऱ्याला त्याच्याइतका सोयीचा सोबती दुसरा नाही. हे वाक्य माझेच आहे. ते मी केवढ्या ऐटीत लिहिले होते.

पाहा—मी अजून आडवळणानेच चाललो आहे. हा माझा जुना दोष आहे. बीडच्या महाविद्यालयात मी आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि भूगोलच का, तर नकाशा काढताना वर्गाकडे पाठ करता येते म्हणून. तुम्हांला हे विनोदाने म्हटल्यासारखे वाटेल. तसे ते नाही. साठ मुलांचे डोळे मला सहन होत नसत. फळ्याकडे वळून गोदावरीचे खोरे काढू लागलो की हात स्थिर होई. विद्यार्थी म्हणत, सरांचा नकाशा छापल्यासारखा येतो. येणारच. मी त्याच्यामागे लपत होतो.

निवृत्त होऊन गावी परतलो आणि संगणक शिकलो. उशिरा शिकलेल्या माणसाला त्याचे जे वेड लागते ते मलाही लागले. लोकांनी मिळून तयार केलेला एक मोफत नकाशा इंटरनेटवर आहे. त्यात कुणीही खाते उघडून आपल्या गावाची भर घालू शकतो. आमच्या गावाच्या जागी तेव्हा एक ठिपका आणि एक रस्ता एवढेच होते. मी बसलो. स्टँड, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, मारुतीचे देऊळ, पीर, ओढ्यावरचा पूल, पाली गावाकडे जाणारी वाट—एकेक करून सगळे भरले. स्वतःच्या गावाचे नाव पडद्यावर उमटताना पाहण्यात जो आनंद होता तो मला वर्गात कधी मिळाला नव्हता. तिथे कुणी माझ्याकडे पाहत नव्हते.

ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. तिला गावात जे नाव आहे ते तिथल्या लोकांच्या जातीवरून पडलेले आहे. ते मी इथे लिहिणार नाही. लिहायचे तेवढे लिहून झाले आहे. गावात सगळे तेच म्हणतात, मीही लहानपणापासून तेच म्हणत आलो, म्हणून नकाशावर मी तेच टाकले. हात थांबला नाही. मी त्या नावाच्या बाहेर जन्मलो होतो, त्यामुळे मला ते नुसते नाव वाटत होते. वस्तीच्या तोंडाशी ‘समतानगर’ असा फलक होता. ग्रामसभेने ठराव करून तो लावला होता. मी त्या फलकासमोरून रोज जात होतो.

हा पहिला प्रमाद. याला अजाणता म्हणता येईल. पण जो सांगायला बसलो आहे तो हा नव्हे.

त्या वस्तीत वर्षा राहते. माझी विद्यार्थिनी, तिसऱ्या बाकावर बसून प्रश्न विचारणारी, आणि म्हणून मला जरा अवघड वाटणारी. तिने ब्लाउजवर आरी वर्क करण्याचे काम घरात सुरू केले होते. लग्नाचे ब्लाउज—लाकडी फ्रेमवर कापड ताणून, बारीक आकडीच्या सुईने जर आणि मणी भरायचे. वस्तीतल्या चार बायका तिच्याबरोबर बसत. इन्स्टाग्रामवर ती फोटो टाके आणि खाली याच नकाशावरच्या जागेचा दुवा देई. काम इतके देखणे होते की बीडहून, माजलगावहून चौकशी येई. एके दिवशी ती आमच्या ओसरीवर आली.

“सर, लोकेशन बघून गिऱ्हाईक फाट्यावरून मागं फिरायलंय. तोंडावर कोनी बोलत न्हाई. फोनवर नुसतं म्हनतेत, ‘बघून सांगतो.’ फलक लावून दोन वर्सं झाली, पर मोबाईलवर अजून तेच नाव येतंय.” मग ती हसली. “मोबाईलला कुठं जात कळती सर? कोनीतरी शिकवलंय त्याला.”

तो ‘कोनीतरी’ तिच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मी सांगितले का? नाही. ‘पाहतो, जमेल बहुधा’ असे म्हणालो—जणू काही अवघड काम होते—आणि ती गेल्यावर नाव बदलले. समतानगर. क्षणाचे काम. चार दिवसांनी तिने माझ्या लॅपटॉपला निळ्या कापडाचे कव्हर शिवून आणले, कडेने जरीची बारीक वेल. मी ते घेतले. चुकीचे नाव टाकणारा मीच, दुरुस्त करून बक्षीस घेणाराही मीच. ‘वाईट वाटत असेल त्यांना’ असे काहीतरी मी आमच्या मंडळींना म्हणालो आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. त्या अभिमानाची मला आज किळस येते.

आता ते सांगतो.

स्टँडवरच्या हॉटेलात बाहेर एक बाकडे आहे. सकाळी गावातली जाणती माणसे तिथे चहाला बसतात. निवृत्तीनंतर त्या बाकड्यावर मला जागा मिळाली होती. सरांसाठी लोक सरकून बसत, पेपर आधी सरांच्या हातात देत. मी काही बोलत नसे, पण बसलेला असे. आयुष्यभर घोळक्याच्या कडेने चाललेल्या माणसाला ते किती मोठे वाटते, ते तुम्हांला कसे सांगू? नाना त्या बाकड्याचे मालक असल्यासारखे. सोसायटीचे राजकारण, ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, कुणाच्या पोरीचे कुठे जमवायचे, सगळे त्यांच्या शब्दावर. त्या सकाळी त्यांनी बशीत चहा ओतता ओतता माझ्याकडे न पाहताच विचारले:

“काय सर, रिटायर झालाव तर निवांत बसावं. गावाचं बारसं कावून करायलाव?”

बाकीचे माझ्याकडे पाहू लागले. नानांच्या पुतण्याने मोबाइलवर नकाशा उघडून सगळ्यांना दाखवला.

“आमच्या गल्लीला बी एखांदं चांगलं नाव बघा की सर,” दुसरा कुणी म्हणाला. “पाळना आमी हालवतो.”

हशा झाला. मीही हसलो—हे लिहिले पाहिजे. सगळ्यांच्या आधी नाही, पण हसलो. मग नाना अगदी मऊ आवाजात म्हणाले, “न्हाई, तुमी शिकल्याली मानसं, तुमाला जास्त कळतंय. आमी आपलं जे हाय ते म्हनतो.” आणि माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले.

संपले. एवढेच घडले. कुणी डोळे वटारले नाहीत, कुणी घरावर आले नाही, कुणी ‘नाव काढा’ असेही म्हणाले नाही. मी किती वेळा या प्रसंगात धमकी शोधली आहे. एखादी धमकी असती तर आज मला तिच्याआड बसता आले असते. तशी ती नव्हती. हशा होता, आणि बाकड्यावर उद्या लोक सरकतील की नाही, ही शंका होती. एवढ्यासाठी मी घरी आलो आणि दुपारच्या जेवणाआधी नाव परत पहिल्यासारखे केले.

पण माझ्या खात्यातून नाही. नीट ऐका, कारण यातच माझे सगळे शिक्षण कामाला आले आहे. या नकाशावर प्रत्येक बदलाची नोंद राहते—कोणी केला, कधी केला, का केला. माझ्या खात्याला माझे खरे नाव होते आणि ते मला स्वच्छ ठेवायचे होते. म्हणून मी दुसरे खाते उघडले. नाव विचारले तेव्हा लिहिले—‘ग्रामस्थ’. वर्तमानपत्रातल्या निवेदनाखाली असते तसे. सगळ्या गावाला मी माझ्या भ्याडपणावर सही करायला लावली. त्या ‘ग्रामस्था’त वर्षा नव्हती का? तिच्यासोबत फ्रेमवर बसणाऱ्या बायका नव्हत्या का? आणि ‘बदलाचे कारण’ या रकान्यात मी लिहिले: ‘स्थानिक वापरातील नाव’. नकाशाचा नियमच तसा आहे—लोक जे नाव वापरतात ते नोंदवावे. कोणते लोक, हे त्या नियमात लिहिलेले नसते. मी एम. फिल. झालेला माणूस, शिवीला तळटीप कशी जोडायची ते मला येते. पडद्यावर अक्षरे आली—‘धन्यवाद, तुमच्या योगदानामुळे नकाशा अधिक अचूक झाला आहे.’ मी लॅपटॉप निळ्या कव्हरात घालून ठेवला आणि जेवायला बसलो.

काही दिवसांनी वर्षा आली. “सर, ते नाव परत पहिल्यावानी दिसायलंय.”

मी आश्चर्य दाखवले. मला ते चांगले जमले. निळ्या कव्हरातून लॅपटॉप काढला, नकाशा उघडला, तिच्यादेखत ‘समतानगर’ ही अक्षरे टाइप केली—आणि जतन करण्याच्या बटणावर बोट नेलेच नाही. पडदा माझ्याकडे वळवलेला होता. थोडे थांबलो. चष्मा काढून पुसला. मग म्हणालो, “सर्व्हर घेत नाही.”

तुम्ही वाचलेत ना? शब्द थोडे वेगळे, खोटे तेच. खिडकीमागच्या माणसाचे, ज्याच्यावर मी इतके खमंग टिपण लिहिले होते. तो बिचारा निदान त्याच्या पगाराचे खोटे बोलत होता. मी हौशी होतो. मी हौसेने खोटे बोललो.

“मंग कवा घेईल सर?”

“सांगता येत नाही. यंत्र आहे.”

ती पुन्हा आली, पुन्हा आली. दर वेळी मी टाइप केले, दर वेळी चष्मा पुसला. तिला संशय येत नव्हता, कारण तिने मला शिक्षक म्हणून पाहिले होते, आणि या जिल्ह्यात सर्व्हर न चालणे इतके रोजचे आहे की त्यावर कुणी संशय घेत नाही. एकदा तिने नुसतेच सांगितले, की गेवराईकडचे एक लग्नघर येणार होते; नवरीचे, करवल्यांचे, आयांचे मिळून मोठे काम; नमुने पाठवून पसंत झाले होते. गाडी फाट्यापर्यंत आली. तिथून नवरीच्या मावशीचा फोन आला—‘तुमचं दुकान तिथंच हाय का?’ वर्षा ‘हो’ म्हणाली. गाडी वळून गेली. हे सांगताना ती रडली नाही. माझ्याकडे पाहत होती. मी नजर कुठे न्यावी? या वेळी फळा नव्हता.

तरीही मी ते नाव बदलले नाही. तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकड्यावर होतो. लोक सरकले. पेपर आधी माझ्या हातात आला.

त्यानंतर वर्षाने बीडमध्ये भाड्याने एक खोली घेतली आणि काम तिकडे नेले. नेकनूरहून बस धरून ती रोज जाऊ-येऊ लागली. बरोबरच्या बायकांना रोज बीडला जाणे जमणारे नव्हते—घरी लहान लेकरे, म्हातारी माणसे. त्यांच्या फ्रेमा उभ्या करून भिंतीला लावल्या गेल्या. त्या पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागल्या. त्या मला रस्त्यात भेटत आणि ‘नमस्कार सर’ म्हणत. मी नमस्कार घेत असे.

शेवटचा प्रसंग. मी या ब्लॉगवर एक टिपण लिहिले होते—याच नकाशाच्या ‘इतिहास’ नावाच्या बटणाविषयी. ते दाबले की एखाद्या जागेचे नाव कोणी, कधी बदलले याची सगळी यादी समोर येते. माणसांच्या कारभारात असे बटण असते तर किती बरे झाले असते, असा समारोपही मी केला होता. असे लिहिताना माझ्या बोटांना काही झाले नाही? नाही झाले. मला वाटत होते, तुम्ही दहा-बारा जण वाचता. ओढ्यापलीकडे कोण वाचणार आहे?

सुट्टीच्या दिवशी ती आली. ओसरीच्या कडेला टेकली आणि मोबाइल काढला.

“सर, तुमीच लिवलंय की ब्लॉगवर, इतिहासाचं बटन. म्या दाबून बघितलं. कोनतरी ‘ग्रामस्थ’ हाय. त्यानं बदललंय. कोन आसंल वो?”

त्या यादीत अगदी खाली, पहिल्यांदा ते नाव टाकणाऱ्याच्या जागी, माझे नाव होते. तेही तिने पाहिले असणार. त्याबद्दल ती बोलली नाही. ती मला वाट करून देत होती, असे मला आता वाटते. एवढीशी वाट होती. ‘मी’ म्हणायचे होते. एक अक्षर.

मी म्हणालो, “काय सांगावे. इंटरनेट आहे. कुणीही असू शकतो.”

“आसंल,” ती म्हणाली. “मंग म्याच करून बघते. खातं उघडलंय म्या. सर्व्हर घेतो का बघू.”

ती मोबाइलवर लिहीत होती तेव्हा मी ओसरीवरच्या फरशीकडे पाहत होतो. मी देवाला हात जोडत नाही, पण त्या क्षणी मी मनात काय म्हटले ते लिहितो—सर्व्हर खरोखर बंद पडू दे. माझे खोटे खरे व्हावे म्हणून त्या वस्तीचे नाव तसेच राहू दे, असा त्याचा अर्थ होतो. मी ते म्हटले.

तिने बटण दाबले. मग मोबाइल माझ्या बाजूला वळवला. ‘बदल जतन झाला.’

“घेतलं की सर,” ती म्हणाली.

आवाज चढला नाही. ती उठली, चप्पल घातली, फाटक नीट लावून घेतले आणि गेली. त्यानंतर ती आमच्याकडे आलेली नाही. रस्त्यात दिसते. ‘नमस्कार सर’ म्हणत नाही.

नकाशावर आता समतानगर आहे. पण त्या मोफत नकाशाच्या नकला दुसरीकडे कितीतरी ठिकाणी उतरवून घेतात, आणि मूळ सुधारले म्हणून नक्कल सुधारत नाही. हे मला शिकवणाऱ्याच्या अधिकाराने ठाऊक आहे. परवाच पार्सल वाटणारा एक माणूस स्टँडवर गाडी थांबवून बाकड्यापाशी आला आणि मोबाइलकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असे, ते जुने नाव मोठ्याने वाचून ‘कुठं आलं हे’ म्हणून विचारू लागला. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हते. तो लिहिलेले वाचत होता. नानांनी हनुवटीने ओढ्याकडे दाखवले. ‘त्याला समतानगर म्हणतात’—एवढे तीन शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी पेपर उलटला.

म्हणून हे आज लिहितो आहे, उद्यासाठी ठेवत नाही. ‘ग्रामस्थ’ हे खाते माझे आहे. त्या खात्याच्या परिचयात आज माझे पूर्ण नाव घातले आहे, आणि तेच या ब्लॉगच्या माथ्यावरही आहे. हा मजकूर गावातही वाचला जाईल. बाकड्यावरही वाचला जाईल. नानांनी मला काही करायला सांगितले नव्हते. सर्व्हर एकदाही बंद नव्हता. ते नाव गावाने लिहिले नाही. मी लिहिले—दोनदा, आणि दुसऱ्यांदा त्याचा अर्थ वाचता येत असताना.